अपुऱ्या दिवसांचे मूल

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाच्या अंगी ऊब टिकत नाही, दूध ओढण्याची शक्ती नसते, श्वास अडखळतो आणि जंतुसंसर्ग त्याला चटकन गाठतो. आज सिल्वासात रुग्णालय आहे. परंतु दूरच्या पाड्यावरून तेथे पोहोचेपर्यंत अशा जिवाने तग कसा धरावा?

या प्रश्नाचा शोध गडचिरोलीत घेतला गेला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ साली ३९ खेड्यांतील नवजात बालकांची घरोघरी पाहणी केली. अपुऱ्या दिवसांच्या दर तीन बालकांपैकी एक दगावत असल्याचे दिसून आले. पुढे गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना तयार करण्यात आले. बाळाचे वजन करणे, थर्मामीटर लावणे, त्याला उबेत ठेवणे, आईला स्तनपानास साह्य करणे, संसर्गाची लक्षणे ओळखून औषध व इंजेक्शन देणे, ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या.

खेड्यातील बाईच्या हाती सुई द्यावी काय, ही शंका साहजिक होती. तिला आकड्यांनी उत्तर दिले. २००३ पर्यंतच्या काळात हे मृत्यूचे प्रमाण दहांत एकावर आले; तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. २०११ पासून सरकारने नवजात बालकांच्या घरभेटीचे काम देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपविले.

म्हणून आशाताई वजनकाटा घेऊन दारी आली, तर बाळ झोपले आहे असे सांगून तिला परत पाठवू नये.