साडेचारशे बोअरची बंदी

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात शिकारीचा शौक करू पाहणाऱ्या साहेबाने पहिली मोठी रायफल कोणती घ्यावी? रिग्बीने १८९८ मध्ये .४५० चे कॉर्डाइट काडतूस आणले होते. गवा असो वा हत्ती, ४८० ग्रेनची गोळी पुरेशी होती. म्हणजे प्रश्न सुटलेला होता.

तो पुन्हा उभा केला सरकारने. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानात .४५० वर बंदी आली. जनावरांशी तिचा काही संबंध नव्हता. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्रीही याच मापाच्या, त्यातल्या कित्येक बंडखोरांच्या हाती; शिकाऱ्याची गोळी त्यांच्या काडतुसात जाईल ही धास्ती! मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४७०, .४६५, .४७६ अशी मापे पुढे केली. फरक इंचाच्या काही शतांशांचा. हॉलंड अँड हॉलंडच्या .४६५ चे नावच 'इंडिया रॉयल'.

ही निवडही मुख्यतः गोऱ्यांचीच. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती एतद्देशीयांवर होती, युरोपियनांना सूट. ज्याच्या शेतात डुक्कर शिरे, त्याला ठासणीची बंदूक मिळाली तरी नशीब.

जिम कॉर्बेटने शाळकरी वयात पहिला बिबट्या मारला तो कॅडेट तुकडीच्या .४५० मार्टिनीने, म्हणजे सरकारला पुढे धडकी भरवणाऱ्या मापानेच. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे तो .५०० ची दुनळी आणि तीनच काडतुसे घेऊन गेला. ती संपली. शेवटचा बार निघाला तहसीलदाराच्या छऱ्याच्या बंदुकीतून.