जिओकॅशिंग: नवशिक्यांसाठी माहिती आणि जीपीएस यंत्राची निवड



लहानपणी वाढदिवसाला 'खजिना शोध' खेळलेला बहुतेकांना आठवत असेल. पहिली चिठ्ठी तुळशीवृंदावनात, दुसरी जिन्याखाली, तिसरी शेजारच्या काकूंच्या फ्रीजवर, आणि शेवटी लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा. जिओकॅशिंग हा तोच खेळ आहे. चिठ्ठीच्या जागी अक्षांश-रेखांश आले आणि वाड्याच्या जागी सारी पृथ्वी आली, एवढाच फरक. अमेरिकेत मुले वाढवणाऱ्या आपल्यासारख्या घरांना हा खेळ फार सोयीचा आहे. खर्च जवळजवळ नाही, सहा वर्षांच्या मुलापासून देशातून आलेल्या आजी-आजोबांपर्यंत सगळे एकत्र खेळू शकतात, आणि 'चला फिरायला' म्हटल्यावर नाक मुरडणारी टीनएजर मंडळीही 'चला शोधायला' म्हटले की निदान बूट तरी घालतात. आमच्याकडे नवीन आलेली मंडळी याबद्दल वरचेवर विचारतात, म्हणून ही माहिती एके ठिकाणी देत आहोत.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

'जिओ' म्हणजे पृथ्वी आणि 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला साठा. आपल्या आयटीवाल्यांच्या कॅश मेमरीतला कॅश तो हाच. पैशांची कॅश नव्हे! कोणीतरी एक हवाबंद डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर देतो. आपण जीपीएसच्या मदतीने तिथे जायचे, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसाच परत ठेवायचा आणि घरी येऊन वेबसाइटवर नोंद करायची. डब्यात छोटी खेळणी असतील तर मुलांनी एक घ्यावे आणि तेवढ्याच किंवा जास्त मोलाचे एक ठेवावे. आज जगभर तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. अमेरिकेतल्या बहुतेक गावांत तुमच्या घरापासून दोन-चार मैलांत एखादा सापडतोच.

सुरुवात कशी झाली?

जीपीएस मूळची अमेरिकन लष्कराची. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरिकांनाही खुली करण्याचे जाहीर केले. मात्र नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळली जाई, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने इकडे-तिकडे दाखवली जायची. एवढ्या फरकाने डबा शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे.

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने १ मे २००० च्या मध्यरात्री ही मिसळलेली चूक बंद झाली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अंक इंटरनेटवर दिले. बादलीत पुस्तके, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, गलोल आणि घेवड्याचा एक डबाबंद कॅन होता. माइक टीग यांनी ती शोधून पहिली नोंद केली. मे महिनाअखेर मॅट स्टम यांनी 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवले आणि २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी सिअॅटलहून जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केले. पहिल्या बादलीच्या जागी आज स्मृतिफलक आहे. पोर्टलंडकडे राहणाऱ्यांनी जरूर जाऊन यावे.

जीपीएस काम कसे करते?

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तीसेक उपग्रह फिरत असतात आणि प्रत्येक जण 'मी इथे आहे, आता इतके वाजले' असे सतत सांगत असतो. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. तीन उपग्रहांवरून जागा ठरते. आपल्या यंत्रातले स्वस्त घड्याळ जुळवून घ्यायला चौथा लागतो. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, त्यामुळे घड्याळाची बारीकशी चूकही महागात पडते. उपग्रहांवर अणुघड्याळे असतात ती याचसाठी.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, यंत्र फक्त ऐकते. त्याला मोबाइलचे सिग्नल किंवा इंटरनेट लागत नाही. लागते ते मोकळे आकाश. दोन, उंच इमारती, कडे आणि ओली दाट झाडी यांच्यामुळे संदेश अडतो किंवा आपटून येतो, आणि बाण नाचू लागतो. तेव्हा यंत्र बिघडले असे समजू नये.

फोन पुरतो का?

सुरुवातीला, हो. अगदी पुरतो. अमेरिकन सरकारच्या माहितीनुसार मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोन साधारण ४.९ मीटरच्या आत जागा दाखवतो. अधिकृत 'जिओकॅशिंग' अॅप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर आहे. अँड्रॉइडवर 'सी-जिओ' हे मोफत अॅपही चालते. मोफत सभासदत्वात काही डबे दिसत नाहीत, पण पहिले पन्नास शोधायला त्यावाचून काही अडत नाही. डोंगरात जायचे असेल तर नकाशे घरीच उतरवून घ्यावेत.

आमचा सल्ला असा: आधी फोनवर दहा डबे शोधा. घरात गोडी लागली तरच यंत्राचा विचार करा. वेगळे यंत्र कामी येते ते पुढील कारणांसाठी:

१. फोनची बॅटरी थंडीत आणि जंगलात झपाट्याने उतरते, आणि अडचणीच्या वेळी मदत मागायला फोनच लागतो.
२. यंत्र खडकावर पडले, पाण्यात भिजले तरी सहसा चालू राहते.
३. भर उन्हात पडदा स्पष्ट दिसतो.
४. मुलांच्या हाती देताना जीव वर-खाली होत नाही.

यंत्र घेताना काय पाहावे?

*किती यंत्रणांचे उपग्रह ऐकते:* अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू याही यंत्रणा आहेत. जितके जास्त उपग्रह, तितके दाट झाडीत बरे. (भारताची 'नाविक' प्रादेशिक आहे, तिचा उपयोग भारत आणि आसपास.)

*बॅटरी:* दुकानात कुठेही मिळणारे 'डबल ए' सेल चालणारे यंत्र लांबच्या सहलीला सोयीचे. कडाक्याच्या थंडीत लिथियम सेल टिकतात.

*इलेक्ट्रॉनिक होकायंत्र:* ते नसलेले यंत्र तुम्ही चालत असाल तरच दिशा बरोबर दाखवते. शेवटच्या वीस-तीस फुटांत आपण थांबत-थांबत शोधतो, तेव्हा हा फरक जाणवतो.

*डब्याची माहिती:* वर्णन, सूचना आणि आधीच्यांच्या नोंदी यंत्रातच वाचता यायला हव्यात.

*पाण्यापासून संरक्षण:* 'आयपीएक्स ७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. एवढे असावेच.

गार्मिन कंपनीची ई-ट्रेक्स मालिका २००० सालापासून या खेळात लोकप्रिय आहे. २०२३ मध्ये आलेले ई-ट्रेक्स एसई सुमारे १५० डॉलरला निघाले. पडदा कृष्णधवल, पण होकायंत्र आहे, चारही जागतिक यंत्रणा ऐकते आणि दोन सेलवर, कंपनीच्या म्हणण्यानुसार, १६८ तासांपर्यंत चालते. फोनशी जोडल्यावर डब्यांची माहिती थेट उतरते. २०१९ च्या ई-ट्रेक्स २२एक्स मध्ये रंगीत नकाशा आहे पण इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही. ते ३२एक्स मध्ये आहे. जीपीएसमॅप ६७ हे ५०० डॉलरच्या घरातले यंत्र रोज डोंगर चढणाऱ्यांसाठी. महिन्यातून एकदा पार्कात जाणाऱ्या कुटुंबाला त्याची गरज नाही. गाडीतला जुना जीपीएस या कामाला घेऊ नये. तो रस्ते सोडून विचार करत नाही.

जुने यंत्र गराज सेलमध्ये पाच-दहा डॉलरला मिळाले तर? घ्यायला हरकत नाही, पण तारीख तपासून पाहा. जीपीएसमध्ये आठवड्यांची मोजणी दहा बिटांत होते, म्हणजे १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्य. असे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले. वायटूकेच्या कामासाठी इथे आलेल्या मंडळींना ही भानगड चांगलीच ओळखीची वाटेल! काही जुनी यंत्रे त्यामुळे वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतात.

अंक भरताना घ्यायची काळजी

या खेळात अंश आणि दशांश मिनिटे अशी पद्धत आहे. पहिल्या बादलीचे अंक असे होते: उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. यातले १७.४६० म्हणजे १७ मिनिटे ४६ सेकंद नव्हेत; ते होतात १७ मिनिटे २७.६ सेकंद. हा घोटाळा केला तर उत्तर-दक्षिण दिशेतच सुमारे ५७० मीटरचा फरक पडतो. शेवटचा एक आकडा चुकला तर उत्तर-दक्षिण फक्त १.८५ मीटर. आणि आपण भारतातली माणसे सवयीने 'पूर्व' रेखांश निवडतो; तसे केले तर ऑरेगनचा डबा थेट चीनमध्ये जाईल! यंत्राची सेटिंग 'डब्ल्यूजीएस ८४' असावी.

पहिला शोध: पायरी-पायरीने

१. डब्याला दोन श्रेणी असतात: शोधण्याची अवघडता आणि वाटेची अवघडता, दोन्ही १ ते ५. पहिल्यांदा दोन्ही १.५ च्या आतले घ्या. वाटेची श्रेणी १ म्हणजे व्हीलचेअर जाऊ शकेल अशी जागा. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना नेताना हा आकडा आधी पाहावा.
२. आकार 'स्मॉल' किंवा 'रेग्युलर' निवडा. 'मायक्रो' म्हणजे फिल्मच्या डबीएवढा किंवा त्याहून लहान. त्यात खेळणी नसतात आणि मुले हिरमुसतात.
३. गेल्या महिन्याभरात कोणाला सापडला आहे का ते पाहा. शेवटच्या तीन-चार नोंदी 'सापडला नाही' अशा असतील तर डबा बहुधा गहाळ आहे.
४. पेन न्या. डब्यातले पेन हमखास वाळलेले असते.
५. तीस फुटांवर आलात की यंत्र खिशात घाला आणि डोळे वापरा. लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक आणि तुमच्या यंत्राची चूक यांची बेरीज तेवढी होतेच. 'मी असतो तर कुठे लपवला असता?' हा प्रश्न मुलांना विचारा. उत्तर बहुधा त्यांनाच आधी सुचते.
६. अर्ध्या तासात नाही सापडला तर तशी नोंद करा. त्यात कमीपणा नाही. मालकाला डबा तपासायला मदत होते.

डब्यात क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला सापडला तर तो 'ट्रॅव्हल बग'. तो ठेवून घ्यायचा नसतो, पुढच्या डब्यात पोचवायचा असतो.

डबा नसलेला 'अर्थकॅश' हाही प्रकार आहे. २००४ पासून जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या सहभागाने तो चालतो. जागेवर जाऊन खडकांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. वॉशिंग्टन-ऑरेगनमध्ये कोलंबिया नदीकाठी बेसॉल्टचे थर दिसतात. आपला सह्याद्रीही लाव्हाच्या अशाच थरांनी बनला. रायगड-राजगडचा काळा दगड कसा तयार झाला हे मुलांना समजावायला याहून चांगली जागा नाही.

नियम आणि सुरक्षितता

डब्यात खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. जनावरे डबा फोडतात. चाकू, दारू, औषधे तर नाहीतच. स्वतः डबा लपवायचा असेल तर जागामालकाची परवानगी हवी, तो पुरता येत नाही, आणि दुसऱ्या डब्यापासून निदान ५२८ फूट लांब हवा. नॅशनल पार्कमध्ये परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. तीन पानांचे पॉयझन आयव्ही मुलांना ओळखायला शिकवा. ईशान्येकडे आणि विस्कॉन्सिन-मिनेसोटा भागात गोचिडांमुळे लाइम आजार होतो; लांब पँट घाला आणि घरी आल्यावर मुलांचे अंग तपासा. बिळात, खडकांच्या फटीत आधी काठी, मग हात. शिकारीच्या हंगामात नारिंगी जाकीट घाला.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण इंग्रजी माहितीपुस्तिकांत ती क्वचित असते. सावळ्या रंगाचा माणूस पुलाखाली किंवा पार्किंग लॉटमध्ये वाकून डबा शोधतो आहे, हे पाहणाऱ्याला खटकू शकते. अनोळखी डबा दिसला म्हणून बॉम्बशोधक पथक बोलावल्याचे प्रसंगही या देशात घडले आहेत. म्हणून शाळा, रेल्वे, धरण, सरकारी इमारती यांच्या जवळचे डबे सरळ सोडून द्यावेत. अंधारात जाऊ नये. ओळखपत्र जवळ ठेवावे. पोलिसांनी विचारले तर हात दिसतील असे ठेवून, लपवाछपवी न करता खेळ काय आहे ते सांगावे आणि फोनवरचे पान दाखवतो असे सांगूनच फोन काढावा. भिऊन खेळ सोडायचे कारण नाही, पण मुले बरोबर असताना जागा आपण निवडावी.

भारतात जाताना

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे (गार्मिन इनरिच, तसेच जीपीएसमॅप ६७आय) परवान्याशिवाय भारतात नेणे बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन प्रवासी महिलेवर याच कारणाने कारवाई झाली. सुट्टीत हरिश्चंद्रगड किंवा राजमाचीला जायचा बेत असेल तरी असे यंत्र इथेच ठेवा. तिथे फोनवर भागते.

तेव्हा मंडळी, येत्या शनिवारी पिन कोड, म्हणजे इथला झिप कोड, टाकून पाहा. रोज ज्या पार्कावरून गाडी नेता त्याच पार्कात एखादा डबा वर्षानुवर्षे तुमची वाट पाहत असेल. वहीत सही मराठीतच करा, म्हणजे पुढे येणाऱ्या मराठी माणसाला आपले कोणी येऊन गेल्याचा आनंद होईल. शोधाला शुभेच्छा!