एका विशेषणाची कुळकथा

बंगळूरच्या मल्लेश्वरम या उपनगराचे नाव तेथील काडु मल्लेश्वराच्या देवालयावरून पडले. कानडीत ‘काडु’ म्हणजे रान. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी या देवाला १६६९ मध्ये एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. त्या रानाचे भरवस्तीचे उपनगर होण्यास मात्र एक रोग कारण झाला. त्या रोगाच्या इंग्रजी नावामागे एक अपरिचित विशेषण लागते : ‘ब्यूबॉनिक’.

‘प्लेग’ या नामाचे मूळ लॅटिन ‘प्लागा’, म्हणजे तडाखा. ‘ब्यूबॉनिक’चे मूळ ग्रीक ‘बूबोन’, म्हणजे जांघ. पुढे जांघेतील सुजेलाही तेच नाव मिळाले. लॅटिनमध्ये त्याचे ‘बूबो’ झाले आणि त्यावरून इंग्रजीत हे विशेषण घडले. रोगजंतू वाहणारी पिसू बहुधा पायाला चावते. म्हणून जांघेतील ग्रंथी सुजते. काखेतील व मानेवरील गाठींनाही मग हेच विशेषण लागू झाले. मराठीने अवयव सोडून गाठच तेवढी धरली आणि रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले.

परंतु व्युत्पत्तीतला तो अवयव इतिहासात पुन्हा पुढे आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढल्या वर्षी पुण्यात गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊ लागले. रोगी शोधणे म्हणजे गाठ शोधणे, आणि गाठ असावयाची जांघेत किंवा काखेत! घरातील स्त्रियांच्या अंगाला परक्याचा हात लागणे ही कल्पनाच लोकांना असह्य झाली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, तिच्यामागे हा संताप होता.

१८९८ मध्ये प्लेग बंगळुरास पोहोचला. विलगीकरणाच्या छावण्या तेथेही उभ्या राहिल्या; पण त्याचबरोबर दाटीवाटीच्या जुन्या पेठेतून लोकांना बाहेर नेण्याचा विचार बळावला. शतकाच्या अखेरीस आखलेल्या मल्लेश्वरमात सरळ रुंद रस्ते होते, घराभोवती मोकळी जागा होती, आणि मैला नेण्यासाठी मागील बाजूस वेगळी गल्ली होती. तेथील वस्ती वाढत गेली.

एकाच रोगावरचे हे दोन उपाय. एकाने माणसाचे अंग तपासले, दुसऱ्याने त्याच्या घराला हवा आणि उजेड दिला. पहिल्याची आठवण पुण्यात अजून सलते. दुसऱ्यात माणसे आजही सुखाने नांदत आहेत.