असुर म्हणजे कोण?

गुन्ह्याची बातमी लिहिताना आम्हा पत्रकारांच्या हाताशी काही शब्द तयारच असतात. नराधम, सैतान, राक्षस, असुर. यातला 'असुर' बघा. ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत ही शिवी नव्हे, मानाचा शब्द. वरुणाला असुर म्हटलंय, अग्नीलाही. तिकडे इराणात त्याचाच भाऊ 'अहुर'. पारशांचा अहुर मज्द म्हणजे परमेश्वर! आणि आपल्या 'देव'चं तिथलं रूप 'दएव', त्याचा अर्थ दुष्ट शक्ती. शब्द एकाच घरातले, बाजू तेवढी बदलली. पुढे संस्कृतात असुर देवांचा शत्रू ठरला. सुरुवातीचा 'अ' नकाराचा समजून 'सुर' हा शब्दही मागाहून घडला.

आता झारखंडात या. गुमला, लातेहारकडे असुर नावाची आदिवासी जमात आजही आहे. पिढ्यान्‌पिढ्या दगडातून लोखंड गाळणारी माणसं. त्यांच्या पोराने शाळेत आडनाव सांगायचं 'असुर', आणि चित्रात असुर म्हणजे शिंगं, सुळे, अक्राळविक्राळ तोंड.

म्हणून सांगतो, आरोपीला राक्षस म्हणणं सोपं आहे. राग निघतो, बातमी चालते. पण तपास कुठे अडला, तक्रार वेळेत का घेतली नाही, हे प्रश्न माणसांना विचारायचे असतात. राक्षसाच्या गोष्टीत ते कोणी विचारत नाही.