पाऊल टाकण्याआधी

उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे पाहा, असे शाळेत शिकवतात. माणसे प्रत्यक्षात काय करतात, हा मात्र स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वाहतूक अभियंते आणि मानसशास्त्रज्ञ दोघेही त्यावर हक्क सांगतात. नव्या वाचकाने बिचकू नये. एखाद्या चौकात तासभर उभे राहायची तयारी असली की प्रवेश मिळाला.

आधी थोडा हिशेब. दुपदरी रस्ता सात मीटर रुंद धरू. सिग्नलची वेळ ठरवताना पादचाऱ्याची चाल बहुधा सेकंदाला १.२ मीटर मानतात, म्हणजे ओलांडायला सुमारे ६ सेकंद. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात ६५ मीटरांहून अधिक पुढे येते. कडेला उभा माणूस दोन वाहनांमधली ही फट नुसत्या नजरेने जोखतो. वृद्ध माणसे वेगापेक्षा अंतरावर जास्त विसंबतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे लांबून भरधाव येणारी गाडी त्यांना चकवते.

शिवाय माणूस एकटा ठरवत नाही. १९५५ साली लेफ्कोविट्झ, ब्लेक आणि मूटन यांनी अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात एकाच माणसाला कधी सुटाबुटात, कधी मळक्या कपड्यांत सिग्नल तोडायला लावले. सुटाबुटातल्या माणसामागे जास्त लोक गेले. असा खट्याळ प्रयोग आज कोणी मंजूर करील की नाही, शंकाच आहे.

आपल्याकडे मुळात पुरेशी फट मिळतेच कुठे? पुण्यात टिळक रस्त्यावर संध्याकाळी पाहा. पिशवी सांभाळत उभी असलेली बाई पूर्ण रस्ता मोकळा व्हायची वाट पाहत नाही. ती तळहात पुढे करते, एक पाऊल उतरते, थबकते, मग पुढची रांग. नजर हेल्मेटकडे नव्हे, स्कूटरच्या पुढच्या चाकाकडे. स्वार पुढून काढणार की मागून, हे चाकावरून कळते. भारतीय संशोधकांनी ही टप्प्याटप्प्याची पद्धत नोंदवली आहे, आणि माझ्या मते आपल्याकडचे महत्त्वाचे काम तेच. एकाच मोठ्या फटीची वाट पाहणारा पादचारी गृहीत धरणारी सूत्रे इथे तोकडी पडतात.

तेव्हा वही घेऊन चौकात जाल, तर नियम मोडणाऱ्यांची मोजदाद करण्याआधी ते कडेला किती वेळ ताटकळले होते, ते लिहून घ्या.