आज्ञापत्रांतील दारूखान्याचें प्रकरण : एक विचार

रामदासपेठेंत राहणारास सीताबर्डीची टेकडी घरच्या अंगणाइतकी जवळची असते. ता. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशीं आप्पासाहेब भोंसले यांचें सैन्य व इंग्रजांची फौज यांची गांठ येथेंच पडली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लहान टेकडीवर दारूच्या गाड्याचा अकस्मात् स्फोट होऊन इंग्रजांच्या पलटणींत गोंधळ माजला आणि त्या संधीस अरबांनीं ती टेकडी हस्तगत केली. तो जय टिकला नाहीं, हें वाचकांस विदितच आहे. पुढें दीड वर्ष लोटण्यापूर्वींच, मार्च १८१९ मध्यें, अशीरगडाच्या वेढ्यांत इंग्रजांच्या मोर्च्यांतील दारूचा सांठा उडाला, व तेथें मेले आणि जायबंदी झाले ते त्यांचेच शिपाई होते.

दारू शत्रु-मित्र ओळखीत नाहीं. असे प्रसंग आपण इतिहासांत 'अपघात' या एका शब्दानें आटोपतों व पुढच्या लढाईकडे वळतों. परंतु अशा पदार्थाच्या सांठवणुकीचे कांहीं नियम आपल्या राज्यकर्त्यांनीं केले होते काय, आणि केले असल्यास ते मुख्यतः कशाच्या रक्षणासाठीं केले होते, हा विचार फारसा झालेला नाहीं. तो येथें थोडक्यांत करावयाचा आहे.

प्रथम संस्कृत ग्रंथाकडे पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं मुद्रित स्वरूपांत जगापुढें आणलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत नागरकाचीं कर्तव्यें सांगतांना अग्निभयाचा विचार केला आहे. दारूचा शोध तेव्हां लागलेला नव्हता. धोका होता तो चुलीचा व गवती छपराचा. उन्हाळ्यांत दिवसाच्या मधल्या प्रहरांत अग्नि पेटवूं नये. घरोघर पाण्याचे घट, शिडी, परशु, सूप, आंकडा इत्यादि साधनें सिद्ध ठेवावीं, न ठेवणारास दंड करावा. अग्नीवर उपजीविका करणारे कारागीर एके ठिकाणीं वसवावे. रस्त्यांत व चवाठ्यांवर पाण्याचीं भांडीं सहस्रावधि मांडून ठेवावीं, अशी ती योजना आहे. आग लागली असतां न धांवणाऱ्या घरधन्यास बारा पण, भाडेकऱ्यास सहा पण, आणि ज्याच्या प्रमादानें आग लागली त्यास चौपन्न पण दंड सांगितला आहे. याच प्रकरणांत आणखी एक मार्मिक नियम आहे. कोणी गुप्तपणें जखमेवर उपचार करवून घेऊं लागला, तर वैद्यानें व घरधन्यानें तें गोप किंवा स्थानिक या अधिकाऱ्यांस कळवावें. कळविलें तर ते दोषमुक्त, न कळविलें तर अपराध्याइतकेच दोषी. म्हणजे पूर्वतयारी, उपस्थित संकटांतील कर्तव्य आणि खबर देण्याचें बंधन हीं तिन्ही अंगें या प्रकरणांत आलेलीं आहेत.

यानंतर मराठी साधनांकडे येतां प्रथम दृष्टीस पडतें तें चिपळूणच्या छावणीस उद्देशून लिहिलेलें श्रीशिवछत्रपतींचें प्रसिद्ध पत्र. तें इ. स. १६७३-७४ च्या सुमाराचें आहे. रयतेच्या काडीसही हात लावूं नये, या उपदेशासाठीं त्याचा उल्लेख वारंवार होतो. पण त्याचा उत्तरार्ध तितकासा वाचला जात नाहीं. गवताच्या गंजींजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, वारा सुटेल, एक ठिणगी पडेल व एका गंजीपाठोपाठ सर्व पागा जळून जाईल. रात्रीं दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, अशी संकटाची परंपरा महाराजांनीं आधींच मनापुढें उभी केली आहे. आग लागल्यावर काय करावें, यापेक्षां ती कोणकोणत्या वाटेनें येईल, हें मोजण्याकडे येथें लक्ष अधिक आहे. आजचा कारखान्याचा निरीक्षक याहून निराळें कांहीं करीत नाहीं. उंदराचा विचार करणारा राज्यकर्ता विरळा, एवढेंच म्हणतां येईल.

आतां मुख्य विषय. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवावर असलेलें आज्ञापत्र इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचें मानण्यांत येतें. त्यांतील दुर्गप्रकरणांत दारूखान्याविषयीं जी आज्ञा आहे, तिचा आशय असा : दारूखाना राहत्या घरांजवळ किंवा त्यांच्या वाऱ्याखालीं नसावा, सदरेपासून कांहीं अंतरावर जागा बांधावी, तिच्याभोंवतीं निर्गुडी वगैरे झाडांचें दाट कुंपण करावें, आंत तळघर करून तें गच्च करावें व माच घालून त्यावर दारूचे बस्ते व मडकीं ठेवावीं, बाण व होके मधल्या घरांत ठेवावे, कशासही सर्दी लागूं देऊं नये. दर आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन माल बाहेर काढवावा, त्यास ऊन्ह द्यावें, व पुनः मुद्रा करून ठेवावा. पाहारा अहोरात्र जागता असावा, व परवानगीशिवाय मनुष्यास आसपास फिरकूं देऊं नये. अंतर, कुंपण, बांधणी, नियतकालिक तपासणी, मुद्रा व पाहारा हीं सहा अंगें एवढ्या लहानशा परिच्छेदांत सामावलीं आहेत.

यांतील 'वाऱ्याखालीं' हा शब्द बारकाईनें पाहण्यासारखा आहे. दारूखाना घरांच्या वाऱ्याखालीं असणें म्हणजे वारा घरांकडून दारूखान्याकडे वाहणें. चुलींतील ठिणगी, पलित्याचा निखारा, जळतें गवत हीं वाऱ्याबरोबर घरांतून निघून दारूवर पडतील, ही भीति तेथें आहे. अर्थात् या नियमांत धोका येतो तो घराकडून, व जपावयाची ती दारू. अंतर राखल्यानें घरांचेंही रक्षण होतें यांत संशय नाहीं. पण वाऱ्याची दिशा दारूच्या हितानें ठरविली आहे. मुद्रा, पाहारा व सर्दीची काळजी यांचाही रोख तोच. गडाचा जीव दारूंत असल्यामुळें हें स्वाभाविक होतें. मात्र 'आमच्या पूर्वजांनीं सर्व कांहीं आधींच सांगून ठेवलें आहे' असें म्हणून जे समाधान मानतात, त्यांनीं हा भेद विसरूं नये. दारूखान्याशेजारीं राहणाऱ्या माणसास आंत काय आहे व तें उडाल्यास त्यानें काय करावें, हें कोणी सांगावें, अशी आज्ञा या प्रकरणांत नाहीं. त्यास दूर ठेवण्याची आज्ञा आहे. जाणतें करण्याची नाहीं.

या उणिवेची किंमत किती मोठी असूं शकते, हें मुंबईनें ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं अनुभविलें. 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें जहाज दोन दिवसांपूर्वीं व्हिक्टोरिया गोदींत येऊन लागलें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं, व त्यांवर कराचीस कापसाच्या हजारों गांठी, तेलाचीं पिंपें व लांकूड चढविलेलें होतें. अंतर नाहीं, माच नाहीं. आज्ञापत्रकारांनीं तो सांठा पाहिला असता तर हवालदाराची मुद्राच काढून घेतली असती. त्याहून घातक गोष्ट ही कीं, स्फोटक मालाचें जहाज म्हणून जें तांबडें निशाण लावावयाचें तेंही लावलेलें नव्हतें. दुपारीं कापसांत आग लागली. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा स्फोट झाला. शेंकडों माणसें मेलीं. त्यांत आग विझविण्यास गेलेले ६६ बंबवाले होते. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन-सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो.

चाळीस वर्षांनीं भोपाळ येथें वाऱ्याचा अर्थच पालटला. ता. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्रीं तेथील कारखान्यांतील विषारी वायु सुटून कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्त्यांत पसरला. येथें ठिणगी घराकडून कोठाराकडे आली नाहीं. कोठारांतूनच मृत्यु वाऱ्यावर बसून घरांत शिरला. लोकांस वायूचें नांव ठाऊक नव्हतें, कोणीकडे पळावें हें ठाऊक नव्हतें, आणि उपचार करणाऱ्या वैद्यांसही नेमकें कशाशीं झगडावयाचें आहे तें कळत नव्हतें. कौटिल्यानें वैद्यावर खबर देण्याचें बंधन घातलें होतें. येथें वैद्यासच खबर देणारा कोणी नव्हता.

त्या अनर्थानंतर १९८६ सालीं पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला, त्याखालीं १९८९ सालीं धोकादायक रसायनांचें उत्पादन, सांठवण व आयात यांचे नियम झाले, आणि १९९६ सालीं रासायनिक अपघातांविषयींचे नियम आले. त्यांचें सार असें : कारखानदारानें आवाराच्या आंतील संकटाची योजना लेखी तयार ठेवावी व सहा महिन्यांतून एकदां तिची रंगीत तालीम घ्यावी, आवाराबाहेरील योजना जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानें करावी, मोठा अपघात झाल्यास ४८ तासांच्या आंत वर्दी द्यावी, आणि ज्या शेजाऱ्यांस बाधा होण्याचा संभव आहे त्यांस धोक्याचें स्वरूप व करावयाचें वर्तन आगाऊ सांगावें. केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक अशा चार पायऱ्यांचे संकट-गट १९९६ च्या नियमांनीं ठरविले. शेजाऱ्यास सांगण्याचें कलम हीच आज्ञापत्रानंतर पडलेली खरी भर होय. बाकी पुष्कळसें निर्गुडीच्या कुंपणाचें व हवालदाराच्या झडतीचें नवें रूप आहे.

नागपुराशीं या विषयाचा संबंध टेकडीपुरता नाहीं. स्फोटक द्रव्यांचें सरकारी खातें १८९८ सालीं स्थापन झालें. त्याचें मुख्य ठाणें आज याच नगरांत असून १८८४ च्या कायद्याची अंमलबजावणी तेथून होते. अग्निशमनाचें राष्ट्रीय महाविद्यालयही येथेंच आहे. तरीही ता. ३१ मे २०१६ रोजीं पुलगांवचें दारूगोळ्याचें कोठार पेटलें, ता. १७ डिसेंबर २०२३ रोजीं बाजारगांवीं व ता. २४ जानेवारी २०२५ रोजीं भंडाऱ्यानजीक स्फोट होऊन कामगार मेले. नियम लिहिलेला असणें व नियम पाळलेला असणें यांत केवढें अंतर असतें, हें दप्तरें चाळणारांस निराळें सांगावयास नको.

आणि येथेंच आपल्या संग्राहकांस एक विनंति आहे. आज्ञापत्र हें राजनीतीचें शास्त्र आहे. तें काय व्हावें तें सांगतें, काय झालें तें सांगत नाहीं. हवालदार खरोखरच पंधरा दिवसांनीं येत होता काय, दारू उन्हांत घातल्याची नोंद होत होती काय, कोठार उडाल्यावर मृतांच्या वारसांस कांहीं मिळालें काय, याचीं उत्तरें गडांच्या जाबत्यांत, झडत्यांत व खर्चाच्या फर्दांतच मिळावयाचीं. अशा फर्दा बहुधा 'किरकोळ' म्हणून बांधून ठेवल्या जातात, कारण त्यांत ना मोहीम असते, ना मसलत. परंतु मडक्यांची मोजदाद करणाऱ्या एका कारकुनाच्या चार ओळी मोहिमेच्या चार पत्रांइतक्याच मोलाच्या ठरतील. ज्यांच्या संग्रहीं असा कागद असेल, त्यांनीं तो वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वीं नक्कल करून या त्रैमासिकाकडे धाडावा. शास्त्र आपल्या हातीं आहे. आचार शोधावयाचा आहे. चूकभूल असल्यास जाणत्यांनीं दुरुस्त करावी. इत्यलम्.

रामदासपेठ, नागपूर