जीपीएस यंत्र घेताय? सायकलचं वेगळं, कारचं वेगळं

मोबाईलमध्ये नकाशा असताना वेगळं जीपीएस यंत्र कशाला, हा प्रश्न घरात निघतोच. मुलगा सायकलसाठी मागतो, कोणी कारसाठी सुचवतं, आणि दुकानात गेलं की दोन-तीन हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढेपर्यंत वस्तू समोर येतात. पैसे खर्च करण्याआधी काय बघायचं, ते आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी हे समजून घ्या

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा आहे. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात. आपलं यंत्र ते फक्त ऐकतं. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण नेमके कुठे आहोत, ते त्याला कळतं. यासाठी सिम कार्ड लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

मग घाटात मोबाईलचा नकाशा का अडकतो? कारण नकाशाचं चित्र इंटरनेटवरून येतं. रेंज गेली की निळा ठिपका चालत राहतो, पण खाली रस्ताच दिसत नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर ही अडचण येत नाही.

रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइडू आणि आपल्या भारताची नाविक अशा यंत्रणाही आहेत. एकापेक्षा जास्त यंत्रणा वापरणारं यंत्र डोंगराच्या कुशीत किंवा उंच इमारतींमध्ये कमी चुकतं. खोक्यावर ही नावं शोधा.

कारसाठी

बहुतेक कुटुंबांना कारसाठी वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही, असं आमचं मत आहे. मोबाईल, चांगला स्टँड आणि कारमधला चार्जर एवढं पुरतं. निघण्याआधी घरच्या वायफायवर गूगल मॅप्सचा त्या भागाचा नकाशा उतरवून घ्या. इंटरनेट नसताना तो कारचा रस्ता दाखवतो, पण ट्रॅफिक दाखवत नाही. पायी किंवा सायकलचा रस्ता मात्र इंटरनेटशिवाय सांगत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ही ॲप ठेवा.

वेगळं यंत्र कोणी घ्यावं? ज्यांचा प्रवास नेहमी रेंज नसलेल्या भागातून होतो, किंवा ज्यांना गाडी चालवताना फोन नजरेसमोर नकोच आहे, त्यांनी. घेताना विचारा: भारताचा नकाशा आत आहे का? तो नवा करून मिळतो का, किती वर्षं, फुकट की पैसे देऊन? मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला तो जून २०२५ मध्ये. त्याआधीचा नकाशा असलेलं यंत्र तुम्हाला अजून जुन्याच रस्त्याने नेऊ शकतं.

कायद्याचंही लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या केंद्रीय नियमानुसार गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणून पत्ता निघण्याआधीच टाका, नाहीतर शेजारी बसलेल्याला टाकू द्या. स्टँड काचेवर अशा जागी लावा की समोरचा रस्ता झाकला जाणार नाही.

सायकलसाठी

इथे गणित बदलतं. शाळा, क्लास, बाजार एवढीच सायकल चालत असेल, तर यंत्र नको. तेच पैसे हेल्मेट आणि पुढच्या-मागच्या दिव्यावर खर्च करा. पण लांबचा प्रवास असेल, तर मोबाईलची दमछाक होते. कडक उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि फोन तापतो, पावसाच्या थेंबांनी टच बिघडतो, बॅटरी संपते. आणि फोन बंद पडला की मदतीला फोन करायची सोयही जाते. वेगळ्या यंत्राचा खरा फायदा हाच: फोन खिशात भरलेला राहतो.

गार्मिन, वाहू, ब्रायटन, आयजीपीस्पोर्ट ही यातली ओळखीची नावं. शेवटच्या दोघांची साधी यंत्रं सहसा स्वस्त पडतात. प्रकार तीन आहेत. पहिला फक्त वेग आणि अंतर दाखवतो. दुसरा आधी भरलेल्या वाटेची रेघ दाखवतो, पण आजूबाजूचे रस्ते दाखवत नाही. तिसऱ्यात पूर्ण नकाशा असतो आणि वाट चुकली तर तो नवी वाट शोधून देतो. दुकानदार तिन्हींना 'जीपीएस' म्हणतो, म्हणून नीट विचारून घ्या.

बॅटरी प्रवासाच्या हिशेबाने बघा. बीआरएम प्रकारच्या २०० किलोमीटरच्या फेरीला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २० तास. नकाशा आणि दिवा चालू ठेवला की कंपनीने सांगितलेल्यापेक्षा वेळ कमी मिळतो. आपल्याकडच्या पावसासाठी आयपीएक्स-७ दर्जा बघा. याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणं.

आखातातून मागवताना

दुबईहून येणाऱ्या मामूंना यंत्र आणायला सांगायचं असेल, तर दोन गोष्टी आधी कळवा. तिथल्या यंत्रात तिथला नकाशा असू शकतो आणि वॉरंटी इथे चालेलच असं नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. साधं जीपीएस फक्त संदेश ऐकतं. पण गार्मिन इनरीचसारखी यंत्रं उपग्रहामार्फत संदेश पाठवतात. अशी यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर याच कारणाने एका परदेशी प्रवाशाला पोलिसांच्या ताब्यात दिलं गेलं होतं. स्वस्तात मिळतंय म्हणून कोणाच्या बॅगेत असं काही ठेवू नका.

यंत्र सांगतं म्हणून जाऊ नका

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी एक कार धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. नकाशावर पूल होता. प्रत्यक्षात तो पाण्याखाली होता. धरण भरलं की तो पूल बुडतो, हे गावातल्या माणसांना ठाऊक होतं, नकाशाला नव्हतं.

महाग यंत्र असो वा स्वस्त, ही मर्यादा सगळ्यांना आहे. रात्री अनोळखी भागात दहा मिनिटं वाचवणारी आडवाट घेऊ नका. रस्त्यावर पाणी, बॅरिकेड किंवा अचानक कच्ची वाट दिसली तर थांबा. पावसाळ्यात घाट चालू आहे का, ते निघण्याआधी विचारा. आणि टपरीवर कोणी "पुढे रस्ता नाही" म्हणालं, तर यंत्राचं नव्हे, त्या माणसाचं ऐका.